बाबांचा चहा बाबाच करतील

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "मी आहे ना, त्यांना ओट्यापाशी यायची गरजच काय?" रागावू नकोस, पण मला तेच खटकलं. बाबांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग अधू झालाय, कडेची नजर शाबूत आहे. म्हणून त्यांना समोरच्या काकूंचा चेहरा ओळखू येत नाही, पण कोपऱ्यात पडलेली किल्ली बरोबर दिसते. (काकूंना वाटतं, हे मुद्दाम ओळख दाखवत नाहीत. त्यांना एकदा सांगून टाक बाई.)

बाबा, आधी उजेडाचं. नववीच्या पोरांना तुम्हीच शिकवायचात ना, अंतर निम्मं केलं की प्रकाश चौपट? मग छताची ट्यूब कितीदा बदलणार? मान वाकवता येणारा टेबललॅम्प पेपरच्या जवळ ओढा, फक्त बल्ब डोळ्यांवर येऊ देऊ नका.

आता ओटा. आई, तुझे ते सगळे डबे एकसारखे आहेत, शोभेला छान, पण बाबांना साखर कुठली नि मीठ कुठलं कळायचं कसं? मिठाच्या डब्याला जाड रबरबँड लाव. दूध गडद रंगाच्या पेल्यात, चहा पांढऱ्या कपात, म्हणजे कुठवर भरलं ते दिसतं. दहीभातही पांढऱ्या ताटलीत वाढू नकोस, आणि स्टीलचं ताट दिव्याखाली चकाकतं. मोरीच्या उंबऱ्याला पिवळी पट्टी चिकटव, दारातलं पायपुसणं काढूनच टाक. आणि कृपा करून, आवरताना वस्तूंच्या जागा बदलू नकोस! बाबांची अर्धी नजर आता त्या जागांच्या आठवणीत आहे.

भाजीवाल्याकडे पैसेही त्यांनाच देऊ दे. १०० च्या नोटेच्या डाव्या-उजव्या कडांना ४ तिरक्या उठावदार रेषा असतात, ५०० च्या नोटेला ५. मळलेल्या नोटेवर त्या बोटाला लागत नाहीत, तेव्हा रिझर्व्ह बँकेचं 'मनी' ॲप आहे, २०२० साली आलेलं. मोबाइलसमोर नोट धरली की किती रुपयांची ते बोलून सांगतं, इंटरनेट नसलं तरी. शनिवारी आले की बाबांच्या फोनवर घालून देते.

तोवर चहा उतू गेला तर जाऊ दे. ओटा पुसायला फडकं त्यांच्याच हातात दे.

तुमची,
मनू