नाल नाही म्हणजे हयगय नव्हे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका प्राणिप्रेमी वाचकांनी यात्रेतल्या घोडीबद्दल लिहिलं होतं. पायांत साधे नालसुद्धा नाहीत, मालकाला जनाची नाही तर मनाची तरी हवी, असा सूर होता. घोडी पांढरी आणि ठिकाण आमच्या गावाजवळचा घाट, म्हणजे बैलगाडा शर्यतीची धावपट्टी, म्हणजे बहुतेक ती माझीच.

2019 च्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून ती आणली, तेव्हा चारही पायांत नाल होते. नालबंद दीड महिन्यानं यायचा. माणूस चोख, पण एकदा खिळा आतल्या जिवंत भागात गेला आणि घोडी पंधरा दिवस तीन पायांवर उभी. तेव्हा डॉक्टरांनी खूर उचलून मला दाखवला. टाचा आवळून जवळजवळ चिकटलेल्या, मधला त्रिकोणी गादीसारखा भाग सुकलेला, त्याच्या भेगेत काळी, घाण वासाची पू. म्हणाले, "नाल काढून बघा. पण काढून तसंच सोडून देणार असाल, तर काढू नका."

खूर आपल्या नखासारखा वरून वाढत येतो. केसांच्या कडेखाली मी कानशीनं बारीक खाच पाडली आणि नातवाच्या कंपासपेटीतल्या पट्टीनं दर एक तारखेला मोजत गेलो. महिन्याला आठ-नऊ मिलिमीटर. खाच जमिनीला टेकायला दहा महिने लागले. तेवढ्यात अख्खा खूर नवा झाला, टाचा मोकळ्या झाल्या. पहिले दोन महिने मात्र मुरमावर ती तापल्या तव्यावर पाय ठेवल्यासारखी चालायची आणि घरात माझी अक्कल निघायची. त्या दिवसांत पाठीवर बसलो नाही, नुसती दोर धरून नांगरटीच्या कडेनं फिरवली.

आता दर पाच आठवड्यांनी मीच कानस चालवतो. खुराच्या बाहेरच्या कडक कवचाची, म्हणजे भिंतीची, जादा वाढ काढायची, कडेची धार मोडून गोल करायची, टाचा एवढ्याच उतरवायच्या की मधली गादी जमिनीला लागावी. तळवा कापायचा नाही, जे भुसभुशीत होऊन सुटतंय तेवढंच खरवडायचं. पाय टेकला की खूर टाचेकडे किंचित पसरतो, उचलला की आवळतो. धक्का तिथंच जिरतो. खिळ्यांनी लोखंड बसवलं की हे पसरणं कमी होतं.

हौदासमोर नदीचे गोल गोटे टाकलेत, अर्धा ब्रास. पाणी प्यायचं तर त्यांवर उभं राहावंच लागतं. ही अक्कल माझी नव्हे. झेनोफोन नावाच्या ग्रीक सेनानीनं तेवीसशे वर्षांपूर्वी घोड्याचे खूर टणक व्हावेत म्हणून असेच गोटे पसरायला सांगून ठेवलंय. डॉक्टरांकडून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर जुंपला.

खरी हयगय दावणीला दिसते. पावसाळ्यात घोडं आठवडाभर मुतात नि चिखलात उभं ठेवायचं. आमच्या उसाच्या पट्ट्यात तर लाडानं गूळ आणि वर पाटीभर दाणा. अतिरेक झाला की खुराच्या आत सूज धरते, भिंत आतल्या हाडापासून सुटू लागते, आणि मग नालबंदाला शिव्या.

सगळ्यांनी नाल उपटावेत असं माझं म्हणणं नाही. दिवसभर डांबरावर टांगा ओढणाऱ्या घोड्याचा खूर वाढीपेक्षा लवकर झिजू शकतो, त्याला नाल लागेल. माझी घोडी वर्षातून पाच-सहा यात्रांना मातीच्या घाटात बैलांच्या पुढे पळते, बाकी दिवस रानात असते. पुढचा डावा खूर वाकडा झिजायला लागला की आजही त्या नालबंदालाच बोलावतो. त्याची नजर माझ्याकडे नाही. नाल न ठोकताही त्याची मजुरी देतो.

पत्रलेखकांनी टीका करण्याआधी खूर उचलून पाहायला हवा होता. घोडी गरीब आहे, मागितला की पाय देते.

आपला,
एक वाचक
ता. आंबेगाव, जि. पुणे

ता. क. : दाराला लावायला नाल मागत शनिवारी अजून माणसं येतात. काळ्या घोड्याचा लागतो म्हणतात, पण पांढरीचाही चालवून घेतात. जुने चारही कधीच गेले. आता आलेल्याला चहा पाजून परत पाठवतो.