केसपेपरवर नसलेलं पडणं

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सा. न. वि. वि.

माझी आई ७४ वर्षांची. धाप लागते, पाय सुजलेत म्हणून एका सरकारी रुग्णालयात दाखल होती. पाचव्या दिवशी सूज उतरली, उद्या घरी सोडू म्हणाले. लघवीची गोळी मात्र त्या दिवशी उशिरा, रात्री नऊला मिळाली. तीनच्या सुमारास ती उठली. ‘सिस्टर एकट्या आहेत, त्यांना कशाला त्रास’ म्हणून हाक मारली नाही. मी बाहेर व्हरांड्यात चटईवर. संडासाच्या दारात ट्यूब बंद, लादी ओली, भिंतीला धरायला काही नाही. खुब्याचं हाड मोडलं.

केसपेपरवर या पडण्याची एक ओळ नाही. पुढच्या पानावर थेट हाडांच्या डॉक्टरांचा शेरा.

सिस्टरांबद्दल माझी तक्रार नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या, म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाशी न जोडलेल्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एका परिचारिकेचा. त्या रात्री चाळीस जणांमागे त्या एकट्या होत्या. पडण्याची नोंद केली की मेमो त्यांनाच, हे त्यांनी मला रडत सांगितलं. मग कोण लिहील?

जागतिक आरोग्य संघटना सांगते, दर १,००० खाटा-दिवसांमागे (एक खाट एक दिवस भरलेली, म्हणजे एक खाटा-दिवस) ३ ते ५ रुग्ण पडतात आणि त्यांतल्या एक तृतीयांशाहून अधिक वेळा इजा होते. ३०० खाटांचं भरलेलं रुग्णालय धरलं तर महिन्याला २७ ते ४५ जण. आपल्या कोणत्याही जिल्हा रुग्णालयाची नोंदवही मागवा. किती दिसतात ते पाहा.

म्हणून पहिली मागणी नोंदीची: प्रत्येक पडणं लिहिलं जावं आणि लिहिणाऱ्याला शिक्षा नसावी. कुठे, किती वाजता, कशामुळे हे कळलं की दुरुस्ती कुठे करायची ते आपोआप दिसेल. संडासात आधाराचा दांडा, रात्रभर दिवा, कोरडी लादी, याला मोठा निधी लागत नाही. दाखल करतानाच विचारावं: आधी कधी पडलात का, चक्कर येते का, रात्री किती वेळा उठता? लघवीची गोळी शक्य तिथे सकाळीच द्यावी. नुसते कॉटचे कठडे वर करून भागत नाही. भ्रम झालेला माणूस त्यावरून चढतो आणि आणखी उंचावरून पडतो. आणि रात्रपाळीला माणसं वाढवा. हे सगळ्यात खर्चाचं आहे, पण टाळता येणार नाही.

आईचा केसपेपर मी जपून ठेवला आहे. आपण वेळ दिलीत तर घेऊन येते.

आपली,
एका रुग्णाची मुलगी