दुकान बंद करून आलेल्या टीव्ही मेकॅनिक काकांचे आभार

राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीला, जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीच्या मुलांसाठी एलईडी टॉर्च जोडण्याची कार्यशाळा होती. २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न (तारांना डाग देण्याची विजेवर तापणारी अवजारं) लावली, पण सोल्डर, म्हणजे जोडासाठी वितळवायचा मऊ धातू, नीट वितळेचना. मीटरवर व्होल्टेज दिसत होतं १६०. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात मिळते. २३० ऐवजी १६० आले की २५ वॅटचं आयर्न जेमतेम १२ वॅटचं काम करतं. जोड खरखरीत, राखाडी बसत होते आणि वायर जरा ओढली की सुटत होते.

शिपाईमामांनी निरोप धाडला. बाजारपेठेत टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणारे काका शटर ओढून, स्कूटरवर व्होल्टेज स्थिर ठेवणारा एक केव्हीए क्षमतेचा स्टॅबिलायझर घेऊन आले. तेही आठवडी बाजाराच्या दिवशी!

व्होल्टेज २२० वर आलं, तरी ते निघाले नाहीत. काळी पडलेली टोकं ओल्या स्पंजवर पुसून त्यांवर सोल्डरचा पातळ थर चढवला. “आधी तार आणि पट्टी दोन्ही तापव, मग सोल्डर जोडाला लाव, आयर्नला नको,” हे प्रत्येक बाकाशी वाकून सांगितलं. एका डावखुऱ्या मुलीच्या हातावरून आयर्नची वायर आडवी जात होती. काकांनी काही न बोलता स्टँड डावीकडे ठेवला, वायर बाकामागून फिरवली. तिचा पुढचाच जोड चकचकीत बसला.

पैसे विचारले तर “पोरांचं काम आहे” म्हणाले आणि स्टॅबिलायझर संध्याकाळपर्यंत आमच्याकडेच ठेवून गेले. काका, शिपाईमामा, तुमचे मनापासून आभार. सगळ्या मुलांनी पेटणारे टॉर्च घरी नेले.