सुट्टीच्या सोमवारी आलेल्या आबांना

तीर्थस्वरूप आबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे सगळं तुमच्यासमोर बसून बोलायचं होतं. पण आभाराचा विषय निघाला की तुम्ही धोकटी उचलून "चला, येतो" म्हणता. असं तीनदा झालं, म्हणून पत्र लिहितोय. नातवाला सावकाश वाचून दाखवायला सांगा. आणि पत्र उघडं लिहितोय ते अशासाठी की अंथरुणाला खिळलेल्या बापाची दाढी स्वतः करणारी माझ्यासारखी मुलं या लातुरात आणि बाहेरही पुष्कळ असतील. तुम्ही माझ्या हातात जे दिलंत ते त्यांच्याही हातात पडावं.

अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा औषधं, व्यायाम, रात्रीची जाग, सगळ्याची सोय आम्ही लावली. दाढीची लागेना. जन्मभर शाळेत शिकवलेला माणूस, रविवारीही दाढी चुकवली नाही कधी. त्यांची डावी बाजू लुळी पडलेली, गाल सैल, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. त्यात रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू, म्हणजे जरा खरचटलं तरी रक्त लवकर थांबायचं नाही. मी डब्यातला तयार फेस आणून दोनदा दाढी केली आणि दोन्ही वेळा हनुवटीखाली कापलं. दुसऱ्या वेळी अण्णांनी उजव्या हाताने माझा हात हळूच बाजूला सारला. त्यानंतर पंधरा दिवस मी दाढीच्या सामानाला हात लावला नाही.

मग एका सोमवारी तुम्ही दारात उभे. सोमवारी तुमचं केशकर्तनाचं दुकान बंद असतं, तुमचा आठवड्यातला तेवढा एकच मोकळा दिवस. "गुरुजी, दाढीला आलोय," एवढंच म्हणालात आणि चपला काढल्यात. मी डबा पुढे केला तर मान हलवलीत आणि विचारलंत, "गुरुजींचा साबण कुठाय?"

कपाटात होता. स्टीलच्या वाटीत बसवलेली गोल वडी, चार महिने पाण्याचा थेंब न लागलेली, दगडासारखी कडक, मधोमध तडा गेलेली. मी ती टाकूनच देणार होतो. तुम्ही नखाने ठोकून पाहिलीत आणि चेहरा खुलला तुमचा.

त्या दिवशी जे पाहिलं ते मी अजून रोज डोळ्यांसमोर आणतो. वडीवर चमचाभर कोमट पाणी घालून ती बाजूला ठेवलीत. ब्रश पेल्यात भिजत घातलात. पाच मिनिटं तुम्ही नुसते अण्णांशी बोलत बसलात, त्यांच्या गालावर गरम फडकं धरून. मला वाटलं, गप्पाच चालल्यात. नंतर कळलं की तेच निम्मं काम होतं. दाढीचे केस पाणी पिऊन मऊ होत होते, डुकराच्या केसांचा ब्रश पाणी पीत होता आणि वडीचा वरचा थर सुटत होता. वडीवरचं ते पाणी तुम्ही फेकलंही नाहीत, अण्णांच्या गालावर चोळलंत. ब्रश मात्र झटकून झटकून जवळजवळ कोरडा केलात.

मग वडीवर ब्रश फिरायला लागला. दाबून नाही, केसांची फक्त टोकं टेकवून. दहा-वीस फेऱ्यांत भरपूर बुडबुडे आले. मी असतो तर तिथेच थांबलो असतो, आजवर तिथेच थांबत आलो होतो. तुम्ही म्हणालात, "हा फेस नव्हे, हे साबणाचं पाणी. याच्या नादाला लागू नका." आणि फिरवत राहिलात. साठ-सत्तर फेऱ्या झाल्या असतील. बुडबुडे नाहीसे झाले, ब्रशवर चक्क्यासारखा घट्ट लगदा बसला. तुम्ही माझं मनगट धरून ब्रश माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "आता आवाज ऐका." सुरुवातीचा चुळचुळ आवाज बंद झाला होता. ब्रश जड झाल्यासारखा, मुक्याने फिरत होता. वडीवरून उचलायची वेळ ही.

गालावर नेल्यावर तुम्ही पाणी घातलंत ते ब्रशच्या टोकाने उचलून, दोन-तीन थेंब. फिरवायचं, पुन्हा दोन थेंब, पुन्हा फिरवायचं. चक्क्याचं हळूहळू श्रीखंड झालं, त्यावर सायीसारखी चकाकी आली. अंगठा आणि बोटात धरून दाखवलंत, बोटं एकमेकांवरून सटकत होती. चकाकी नाही म्हणजे फेस अजून तहानलेला, बुडबुडे दिसले म्हणजे पाणी जास्त झालं. पाणी जास्त झालं तर ब्रश पुन्हा वडीवर न्यायचा, आणखी साबण उचलायचा. नुसतं घोटत बसून तो सावरत नाही. माझं सगळं चुकत होतं ते इथेच. साबण कमी, पाणी एकदम.

आबा, मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो हे तुम्हाला ठाऊक आहे. स्टिअरिक या चरबीतल्या आम्लाला सोडियम आणि पोटॅशियमच्या अल्कलींची जोड दिली की दाढीचा साबण होतो, हे मला पाठ होतं. सोडियममुळे वडी कडक होते, पोटॅशियममुळे ती पाण्यात सुटते आणि स्टिअरिकमुळे फेस घट्ट होऊन टिकतो. अंघोळीच्या साबणाचा फेस भसकन येतो आणि पातं गालावर टेकेपर्यंत बसतो, कारण त्याची घडणच निराळी. ट्यूबमधल्या क्रीमला घाई चालते, कारण तिच्यात पाणी आधीच भरलेलं असतं. वडीतलं पाणी कारखान्यात काढून घेतलेलं असतं. ते आपण परत द्यायचं, आणि ती घेईल त्या वेगाने द्यायचं. हे शेवटचं वाक्य मात्र माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

पुढच्या सोमवारी तुम्ही मला करायला लावलंत आणि माझा फेस फाटला. दह्याचं पाणी सुटावं तसा. तुम्ही विचारलंत, "पाणी कुठलं घेतलं?" मी म्हणालो, बोअरचं. "मग कसा येईल! ज्या पाण्यात डाळ शिजत नाही त्यात साबण काय फुलणार?" हेही मी फळ्यावर कितीदा लिहिलंय. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं, न विरघळणारा साका होतो आणि तेवढा साबण फुकट जातो. आमच्या बादलीच्या कडेला बसणारं पांढरं कडं तेच. तुमचा उपाय साधा. आदल्या रात्री तांब्याभर पाणी खळखळून उकळायचं, झाकून ठेवायचं, सकाळी तळाची भुकटी न हलवता वरचं ओतून घ्यायचं. सगळं जडपण उकळून जात नाही, पण आमच्या पाण्याला एवढ्याने खूप फरक पडला. ते कमी पडलं तर जारचं पाणी वाटीभर. वाटीभरच लागतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा तुम्ही एका वाटीत एक गिऱ्हाईक असं दुकान चालवलंत, हे तुम्ही त्याच दिवशी सांगितलंत.

पाचव्या सोमवारी तुम्ही पातं माझ्या हातात दिलंत. लुळ्या बाजूचा गाल आतून जिभेने फुगवता येत नाही, म्हणून दोन बोटांनी कातडी कानाकडे ताणून धरायची. केसांच्या वळणानेच जायचं, उलटं नाही. सुकत आलं की पुन्हा ब्रश फिरवायचा, कोरड्यावर पातं टेकवायचं नाही. वाटीत फेस उरलेला होता, तो चांगला फेस असल्याची खूणच. त्या दिवशी कुठेही कापलं नाही. तुरटी कोरडीच राहिली. अण्णांनी उजव्या हाताने गाल चाचपला, मग डावा, मग माझ्याकडे बघून मान हलवली. तुम्ही खिडकीकडे तोंड करून ब्रश धूत होतात, बराच वेळ.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. आईने दिलेला चहा घेतलात, तोही अर्धा कप. आपल्या पोटापाण्याची विद्या अशी कुणी दुसऱ्याला पदरमोड करून देत नाही, आबा. तुम्ही दिलीत, आणि मी चुकलो तेव्हा एकदाही आवाज चढवला नाहीत. मी वर्गात पोरांवर खेकसतो. त्या पाच सोमवारांनंतर खेकसणं कमी झालंय, हे माझी मुलगी सांगते.

आता एक काम आहे तुमच्याकडे. पुतण्याने इंग्लंडहून एक वडी आणलीय, ब्रॅडफर्डच्या कंपनीची. ते गाव लोकरीच्या गिरण्यांचं, आणि वडीत मेंढीच्या लोकरीचं मेण घातलेलं. अण्णांच्या कातडीला फार मानवते, दाढीनंतरची ओढ राहत नाही. पण भारी हट्टी वडी आहे. दहा मिनिटं ओली ठेवून, शंभर फेऱ्या मारून मला निम्म्या गालापुरताच फेस निघतो. पाणी उकळलेलं, ब्रश तोच. कुठे चुकतंय ते तुमच्या हाताखाली पाहिल्याशिवाय कळायचं नाही.

अर्धी वडी कापून तुमच्यासाठी वेगळी ठेवलीय. अण्णाही वाट बघतात, सोमवार आला की दाराकडे तोंड करून बसवायला खुणेने सांगतात. येत्या सोमवारी या. रविवारी रात्रीच पाणी उकळून निवत ठेवतो.

आपला,
गुरुजींचा थोरला