छायाचित्रणाचे पहिले धडे मराठीतून आणि मोबाइलवर मिळावेत

महोदय,

ठाण्यात नवशिक्यांसाठी भरणाऱ्या छायाचित्रणाच्या वर्गाला मी अलीकडेच पहिल्यांदा गेले. निवृत्तीनंतर ही आवड जोपासावी असे मनात होते. परंतु चौकशी केलेल्या काही ठिकाणी डीएसएलआर, म्हणजे भिंगे बदलता येणारा महागडा कॅमेरा सक्तीचा होता आणि शिकवणेही बहुतांशी इंग्रजीतून होते. अखेर जो वर्ग मिळाला, तेथे मोबाइल चालत होता आणि सर मराठीतून शिकवत होते.

सुरुवातीला कोणालाही छायाचित्र काढू दिले नाही. केवळ प्रकाशाविषयी बोलणे झाले. छायाचित्र किती उजळ येणार हे भिंगाचे छिद्र, शटरचा वेळ (प्रकाश किती वेळ आत येऊ द्यायचा तो काळ) आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला दिलेली संवेदनशीलता) या तिघांवर ठरते. शटरचा वेळ १/१२५ सेकंदावरून १/२५० वर आणला की आत येणारा प्रकाश निम्मा होतो. आयएसओ १०० ऐवजी २०० ठेवला की ती तूट भरून निघते, मात्र तो फार वाढवल्यास चित्रात दाणे दिसू लागतात. बहुतेक मोबाइलमध्ये छिद्राचा आकार बदलता येत नाही, त्यामुळे नवशिक्याला दोनच गोष्टी सांभाळायच्या असतात. शिकण्याच्या पहिल्या टप्प्यावर ही मोठीच सोय आहे, असे माझे मत झाले.

मग मासुंदा तलावाकाठी सराव झाला. पाठीमागे चकाकणारे पाणी असले की माणसाचा चेहरा काळवंडतो, कारण कॅमेरा समोरच्या दृश्याचा उजेड मधल्या करड्या छटेच्या आसपास आणू पाहतो. पांढराशुभ्र सदरा मळकट आणि काळी चंद्रकळा विटकी दिसते तीही याच कारणाने. अशा वेळी पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून उजेड थोडा वाढवायचा असतो. घरातल्या प्रत्येक कार्यात छायाचित्रे काढणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे कोणी सांगितलेले असते? १/१००० सेकंदात होडी वल्ह्यांवरून उडालेल्या थेंबांसह स्थिर दिसली, आणि दिवेलागणीला १/१५ सेकंदात तिची कड पुसट होऊन तिचा वेग दिसू लागला.

या शिक्षणाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात सक्रिय होते, आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. आज कॅमेरा घरोघरी पोहोचला असताना शिकण्याची सोय मात्र महागड्या साधनांवर अडून राहावी, हे मला योग्य वाटत नाही.

म्हणून ठाणे आणि नवी मुंबई महानगरपालिकांनी आपली सभागृहे दुपारच्या वेळी, गृहिणींना व ज्येष्ठांना जमेल अशा बेताने, या वर्गांसाठी अल्प दरात द्यावीत. १८९३ पासून वाचकांची सेवा करणाऱ्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांनीही यात पुढाकार घ्यावा. वर्गात आणखी एक धडा आवर्जून असावा. २०१५ मध्ये अभयारण्य घोषित झालेल्या आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलेल्या ठाणे खाडीत फ्लेमिंगोंची छायाचित्रे टिपण्याची ओढ नवशिक्यांना असतेच. तेव्हा पक्षी विचलित होणार नाहीत इतके अंतर राखणे त्यांना शटरच्या वेळेबरोबरच शिकवले जावे.

— एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा, ठाणे