गाडीला मागं पण एक सीट असते

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात मागच्या आठवड्यात टू-व्हीलरची काळजी कशी घ्यावी यावर अर्धं पान आलं होतं. आमच्या घरच्यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, ऑइल, प्लग, बॅटरी, एअर फिल्टर, सगळं बरोबरच होतं म्हणा, पण मी मेथी निवडत ऐकत होते अन् वाट पाहत होते की आता येईल, आता तरी येईल, मागं बसणाऱ्या माणसाबद्दल एखादी ओळ येईल. नाही आली. म्हणून हे पत्र. पोराच्या मोबाइलवर टाइप करून राहिली आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी दारव्हा तालुक्यातली. लग्नाला २२ वर्षं झाली अन् तेवढीच वर्षं मी गाडीच्या मागच्या सीटवर आहे. दवाखाना, बाजार, माहेर, बचत गटाचे पासबुक घेऊन बँकेत जाणं, सगळं मागं बसूनच. गाडी १०० सीसीची, खेड्यात दुसरी कोणती परवडते, पेट्रोल कमी पिते अन् सामान कुठंही भेटते. एका बाजूनं बसायचं, मांडीवर थैली, पोरं लहान होती तेव्हा थैलीवर लेकरू अन् लेकराच्या डोक्यावर माझा पदर. गाडी चालवता येत नाही मला, पण मागच्या चाकाच्या सगळ्यात जवळ मीच असते ना, तिचा आवाज बदलला की मला आधी समजते. घरच्यांना सांगितलं तर म्हणतात, "काही नाही होत व, तू चूप बस."

तर मुख्य गोष्ट, साडी गार्ड. डाव्या बाजूला चाकावर जी जाळी असते ती. शोरूममधून गाडी निघते तेव्हा असते, अन् आमच्या गावात तुम्ही मोजून पाहा, वर्षभरानं किती गाड्यांवर राहते ते. पोरं तर महिन्याच्या आत काढतात, गाडी बाईची दिसते म्हणून. मोठ्या माणसांची कारणं वेगळी, दुधाची कॅन टांगता येत नाही, फवारणीचा पंप बांधता येत नाही, अन् पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल त्यात भरून चाक जाम होते. हे शेवटचं कारण खरं आहे, खोटं कशाला बोलू, आमच्या वावराच्या रस्त्यानं जुलैत गाडी घातली की दहा मिनिटात मडगार्ड अन् चाक एक होते, उतरून काडीनं माती खोदावी लागते. पण त्यासाठी जाळी काढून कोठ्यात फेकायची, अन् दसरा दिवाळी होळी गेली तरी ती तिथंच, त्यावर कोंबडी अंडी देते. हे खरं सांगते, आमच्या जाळीवर देत होती.

आता माझ्यासोबत काय झालं ते सांगते. बाजारचा दिवस, उन्हाळा, डांबर पघळलेलं. गरम वारा लागते म्हणून पदर डोक्यावरून घेऊन खांद्यावर टाकला होता, हातात थैली, तर पदर खोचायला हात रिकामा नाही. सुटला कधी ते समजलंच नाही. आधी वाटलं कोणी मागून ओढलं. मग मानेला असा हिसका बसला की तोंडातून आवाजच निघेना, मी एका हातानं घरच्यांचा शर्ट ओढला, बटणं तुटली त्याची. नशीब असं की समोर ढोरांचा कळप होता म्हणून गाडी आधीच हळू झाली होती, नाहीतर हे पत्र लिहायला मी नसते. गाडी थांबली, आम्ही दोघं आडवे नाही झालो, पण पदर चाकाच्या मधात आऱ्यांना असा गुंडाळून बसला होता की जशी सुताची गुंडी, अन् वरून चैनीचं काळं ग्रीस. घरच्यांनी घाबरून परत किक मारायला पाय उचलला, मी ओरडले तेव्हा कुठं चावी बंद केली. गाडी डबल स्टँडवर लावली, न्यूट्रल केली, अन् चाक हातानं उलटं फिरवत फिरवत थोडा थोडा पदर सोडवला, राहिला तो बाजूच्या वावरातल्या बाईनं विळ्यानं कापून दिला. तिनं मला पाणी पाजलं अन् म्हणाली, माय, गाठ मारून बसत जाय. तेव्हापासून मी पदर कमरेला खोचून गाठ मारूनच बसते, पोरीला पण ओढणीची गाठ मागं मारायला लावते, स्कार्फ असला तरी.

नंतर पोरानं मोबाइलवर शोधून दाखवलं की ही जाळी म्हणजे काही कंपनीची हौस नाही, १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमात १२३ नंबरचा नियमच आहे, मागं बसायची सोय असलेल्या गाडीला धरायला पक्कं हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट अन् मागचं निदान अर्धं चाक झाकेल असं कव्हर, कपडे अडकू नये म्हणून, हे तिन्ही पाहिजेच. म्हणजे ज्यांनी नियम केला त्यांना आमच्या लुगड्याची आठवण होती. गॅरेजवाल्याला नाही. त्याला जाळी मागितली तर म्हणते, "काकू, हे कशाले पाह्यजे, चिखल भरते त्यात." मी म्हटलं चिखल काडीनं निघते रे बाबा, मान काडीनं निघत नाही. फवारणीच्या एका डब्याएवढे पण पैसे लागले नाहीत.

जाळी बसवायला गेले तर दोन तास गॅरेजात बाकड्यावर बसून राहिले अन् तिथं बऱ्याच गोष्टी समजल्या. गॅरेजवाला पोरगा चांगला होता, बोलत बोलत काम करत होता, जाळीवरून त्यानं थट्टा केली तेवढं सोडून.

एक तर हवा. आमच्याकडे पंक्चरवाल्याकडे जायचं अन् म्हणायचं, मार ना पस्तीस-पस्तीस, दोन्ही चाकात सारखी. आमच्या गाडीच्या पुस्तकात पुढच्या चाकात २५ पौंड लिहून आहे, मागच्यात एकट्याला २८ अन् डबल सीटला ४१. पुस्तक घरात १० वर्षांपासून पडून, कोणी उघडलं नव्हतं, रॉकेलच्या चिमणीखाली ठेवायचो. म्हणजे मी मागं बसले की मागच्या चाकाला जवळपास दीडपट हवा लागते, अन् आम्ही इतकी वर्षं दोघं, थैल्या अन् लेकरू धरून मागं कमी हवेवर फिरून राहिलो होतो. हवा कमी असली की टायर दबून दबून तापते, अन् आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जाते, खाली डांबर तव्यासारखं. वळणावर गाडी मागून डोलते ती कायनं डोलते ते मला तेव्हा समजलं, मला वाटे मीच सरळ बसत नाही. हवा सकाळी टायर थंड असताना पाहायची, चालवून आल्यावर काटा जास्तच दाखवते, ते पाहून हवा सोडायची नाही.

मागच्या शॉकअपला, म्हणजे झटके झेलणाऱ्या स्प्रिंगला, खाली एक रिंग असते, आमच्या गाडीला तिला पाच घरं आहेत. पान्यानं फिरवून वजनाप्रमाणं कडक करता येते, दोन्ही बाजूला सारख्याच घरात. हे घरच्यांना पण माहीत नव्हतं अन् त्यांनी तीन गाड्या चालवल्या.

अन् लाइट! हे तर मला फारच पटलं. मागं वजन बसलं की गाडीचं ढुंगण दबते अन् तोंड वर उचलते (संपादक साहेब, हा शब्द काढायचा असेल तर काढा), मग हेडलाइट रस्त्यावर न पडता बाभळीच्या शेंड्यावर पडते. समोरच्याच्या डोळ्यात जाते ते वेगळंच. अन् आपल्या रस्त्यावर रात्री काय असते, बिनरेडियमची बैलबंडी, सोयाबीनचा ढीग अन् तो सरकू नये म्हणून ठेवलेले दगड, रानडुक्कर नाहीतर रोही (नीलगाय). घरच्यांना हे दिसत नाही अन् मला मागून तर काहीच दिसत नाही, मी फक्त त्यांच्या पाठीला धरून देवाचं नाव घेते. लाइटच्या बाजूचा नट थोडा ढिला करून तो खाली करता येते, पण दोघं गाडीवर बसून भिंतीवर उजेड पाहून करायचा, एकट्यानं नाही.

ब्रेकचं सांगते. गॅरेजच्या पोऱ्यानं पुढचा ब्रेक दाबून पाहिला अन् हसला, वायर पूर्ण ढिली, लिव्हर हँडलला टेकते तरी काही नाही. घरच्यांनी मुद्दाम ढिली करून ठेवली होती, पुढचा ब्रेक लावला की गाडी पालटते म्हणून. आमच्या गावात अर्ध्या माणसांची हीच समजूत आहे. त्यानं सांगितलं, उतारावर बंडी कशी बैलाच्या अंगावर येते, तसं ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येते, मग थांबवायचं काम पुढचं चाकच जास्त करते, नुसत्या मागच्या ब्रेकवर दोन माणसांची गाडी लवकर थांबत नाही अन् मागचं चाक घसरते ते वेगळं. दोन्ही ब्रेक सोबत, हँडल सरळ ठेवून, दाबत दाबत, एकदम झटका नाही. चिखलात, रेतीवर पुढचा अजून हळू. एप्रिल २०१९ पासूनच्या १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांत पायाच्या ब्रेकनंच पुढचा पण थोडा लागते अशी सोय आहे म्हणे, आमची त्याच्या आधीची. ब्रेकच्या प्लेटवर एक बाण असतो, ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो बाण खुणेला भिडला की समजायचं लायनर, म्हणजे ब्रेकच्या आतल्या घासणाऱ्या पट्ट्या, संपले. आमचा भिडून पुढं गेला होता.

चैन ताणली की मागचं चाक सरकते, मग मागच्या ब्रेकचा खेळ पण बदलते, तो परत लावून घ्यावा लागते, अन् हे बरेच जण विसरतात. चैनीला इंचभर झोल पाहिजे, अन् तो पाहायला चाक फिरवून सगळीकडून पाहायचा, कारण एका जागी ढिली अन् दुसऱ्या जागी ताठ असं असते. अन् एक गोष्ट हात जोडून सांगते, गाडी स्टँडवर लावून, चालू करून, गिअर टाकून फिरत्या चैनीला फडकं लावायचं नाही. आमच्या शेजारच्या पोराचं एक बोट असंच गेलं. इंजिन बंद, न्यूट्रल, चाक हातानं फिरवायचं. घरचे इंजिनातलं काढलेलं काळं ऑइल बाटलीत जपून ठेवत अन् तेच चैनीला टाकत, त्यात लोखंडाचा चुरा असते, ते पण आता बंद केलं.

हेल्मेटवर काय बोलू. कायद्यात चालवणाऱ्यासोबत मागच्याला पण आहे, चार वर्षांवरच्या सगळ्यांनाच, पण गावात मागं बसलेल्या बाईच्या डोक्यावर हेल्मेट दिसलं तर लोक हसतात, मला पण हसले. पहिल्यांदा घातलं तर अंबाड्यावर बसेना, आता तालुक्याला जायचं तर खाली वेणी घालते. गतिरोधकावरून मागची बाई उडून पडली अन् डोक्याला लागलं, असं आमच्या भागात वर्षातून दोनदा तरी ऐकतो, पांढरे पट्टे नसलेले गतिरोधक, घरी लवकर जायची घाई, अन् एका बाजूनं बसलेली बाई, तिला धरायला काय असते? सीटची शिलाई. चार वर्षांखालच्या लेकरासाठी तर फेब्रुवारी २०२३ पासून नियम आहे, चालवणाऱ्याला जोडलेला बेल्ट, नऊ महिन्यांच्या वर असेल तर त्याच्या मापाचं हेल्मेट, अन् स्पीड ४० च्या आत. आमच्याकडे लेकरू टाकीवर बसवतात अन् त्याच्या हातात हॉर्न देतात.

तर साहेब, पुढच्या वेळी असं पान काढाल तेव्हा मागच्या सीटला चार ओळी द्या. अन् आरटीओच्या, पोलिसांच्या लोकांना पण विचारा, कागद अन् हेल्मेट पाहता तसं जाळी अन् मागचे फूटरेस्ट का नाही पाहत.

आमची जाळी सध्या गाडीवर आहे. बसवताना नटाखाली वायसर टाकायला लावा, नाहीतर खडखड वाजते अन् मग तेच कारण सांगून काढतात. मागच्या सोमवारी युरियाची गोणी आणायची म्हणून घरच्यांनी काढायला पाना शोधला, तो सापडला नाही. गव्हाच्या कोठीत आहे. हे वाक्य छापू नका, अन् माझं नाव पण नको, ते पेपर रोज वाचतात.

आपली,
एक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ