'कनेक्शन बंद करा' म्हटल्यावरच सवलत आठवते का?

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग.

विषय : फोनवर कबूल केलेली ३० टक्के सवलत न देणं, न विचारता २४ महिन्यांचा करार गळ्यात मारणं आणि पडून असलेल्या सेट-टॉप बॉक्सचं भाडं आकारणं, याबाबत.

महोदय / महोदया,

मार्च २०१८पासून मी तुमच्या केबल टीव्हीचा ग्राहक आहे. सात वर्षांत एकदाही बिल थकवलेलं नाही. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. बिलाची रक्कम बँकेतून परस्पर कापली जाते, त्यामुळे थकण्याचा प्रश्नच नव्हता, आणि खरं सांगायचं तर बिल उघडून बघण्याचाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, अशी गत. त्यातला आंधळा मी, हे आधीच कबूल करून टाकतो.

सगळी बिलं सोबत जोडली आहेत, म्हणून इथे हिशेब सोपा करून मांडतो. पहिल्या महिन्याचं बिल १०० धरा. तेराव्या महिन्यात ते एकदम १३८ झालं, कारण 'स्वागत सवलत' संपली. ती संपणार हे करारात लिहिलेलं होतं. बारीक अक्षरांत का होईना, पण होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पुढे दर वर्षी ६ ते ११ अशी भर पडत आज ते १८७ वर आलं आहे. यात पॅकेजचे १२१, 'सेवा शुल्क' या नावाखाली १९, दोन बॉक्सांचं भाडं प्रत्येकी ११ म्हणजे २२, खेळांच्या चॅनेलांचे १४ आणि रेकॉर्डिंगच्या सोयीचे ११. सेवा शुल्क म्हणजे नेमकी कुठली सेवा, हे मी तीन वेळा विचारलं. तीन जणांनी तीन उत्तरं दिली. पॅकेजचे पैसे भरल्यावर पॅकेज दाखवण्याचे पैसे वेगळे, असा माझा समज झाला आहे. तो चुकीचा असेल तर लेखी कळवा.

बिल उघडून बघायची वेळ आली ती या बॉक्सांमुळे. आतल्या खोलीतला टीव्ही दोन वर्षांपूर्वी बिघडला आणि आम्ही तो काढून टाकला. त्याचा बॉक्स तेव्हापासून कपाटावर आहे, वायर गुंडाळून. तो परत न्या असं मी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा उत्तर आलं की बॉक्स परत दिला तर तुमची 'कॉम्बो योजना' तुटेल आणि बिल वाढेल. कपाटावरच्या धूळ खाणाऱ्या डब्याचं भाडं भरणं हे भाडं न भरण्यापेक्षा स्वस्त कसं पडतं, हे मला अजून कळलेलं नाही. मार्च २०१८पासूनच्या ८४ महिन्यांत दोन्ही बॉक्सांचं मिळून १८४८ भाडं गेलं, म्हणजे माझ्या पहिल्या बिलाच्या साधारण साडेअठरापट. एवढं भरूनही बॉक्स तुमचेच. त्यात रेकॉर्ड केलेले कार्यक्रमही तुमचेच, कारण ते त्या बॉक्सलाच बांधलेले असतात. बॉक्स गेला की तेही गेले.

बाहेरच्या खोलीतला बॉक्स तर 'बंद' केला तरी बंद होत नाही. एका रात्री बाराच्या सुमाराला टीव्ही बंद करून तासभर झाल्यावर सहज त्याच्यावर हात ठेवला, तर चांगला कोमट. समोरचा दिवा फक्त हिरव्याचा लाल झालेला, आत सगळं चालूच. त्याची वीज मी भरतो. असो, तो मुद्दा या तक्रारीत धरत नाही.

आम्ही बघतो काय? रिमोटजवळ एक वही ठेवली आणि ३० दिवस लिहून काढलं. पॅकेजमध्ये ३१२ चॅनेल. सलग दहा मिनिटांहून जास्त वेळ लावलेले ११. त्यातले ४ फक्त वडिलांचे. यादी नीट तपासली तेव्हा ६४ चॅनेल दोनदा मोजलेले दिसले, एकदा साध्या चित्राचे आणि एकदा एचडीचे. २३ चॅनेल असे, की ज्यांवर दिवसभर काही ना काही विकायचं काम चालतं. तुमच्या स्वतःच्या जाहिरातींचा चॅनेलसुद्धा ३१२ मध्ये मोजलेला आहे! खेळांचे चॅनेल त्या महिन्यात एकदाही लागले नाहीत. त्यांचे १४ मात्र लागले.

यावर तुमचं ठरलेलं उत्तर मला माहीत आहे : वाहिन्यांचे मालक आम्हाला चॅनेल गठ्ठ्याने विकतात, एक चांगला हवा तर सोबत सात पडेल घ्यावे लागतात, आणि सामन्यांच्या हक्कांच्या किमती आभाळाला भिडल्या आहेत. हे खरंच आहे, मी नाकारत नाही. तुमचा धंदा १९४८च्या सुमाराला अमेरिकेत सुरू झाला तेव्हा गोष्ट साधी होती. डोंगरांमुळे जिथे चित्र पोचत नव्हतं तिथे उंचावर एकच मोठी अँटेना आणि तिच्यापासून घरोघरी वायर. लोक स्वच्छ चित्राचे पैसे भरायचे. मलाही तेवढंच हवं होतं. पण ते जाऊ द्या. तुमच्या हातात काहीच नाही, सगळं वाहिनीवाल्यांच्या हातात आहे, हे जर खरं असेल तर पुढे जे घडलं ते घडायला नको होतं.

मागच्या तिमाहीत मी कस्टमर केअरला फोन केला. तयारीनेच बसलो होतो. समोर वर्षभराची बिलं, कराराची मूळ प्रत, दुसऱ्या कंपनीच्या योजनेचा छापील कागद आणि तुमच्याच संकेतस्थळावरची नव्या ग्राहकांसाठीची योजना, जिच्यात हेच पॅकेज माझ्या दराच्या जवळपास निम्म्याने मिळतं. आधी 'नवीन कनेक्शनसाठी १ दाबा' हे दाबून पाहिलं. वीस सेकंदांत माणूस हजर, आवाजात साखर. मग ठेवलं आणि 'जुन्या ग्राहकांसाठी ३' दाबलं. एकतीस मिनिटं बासरी ऐकली. दर दोन मिनिटांनी ती थांबायची आणि 'तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं सांगून पुन्हा सुरू व्हायची.

जो गृहस्थ भेटला त्याला मी सरळ विचारलं, सात वर्षं झाली, बिल कमी होईल का? नाही. पॅकेज लहान करता येईल का? येईल, पण कॉम्बो तुटेल. नव्या ग्राहकांचा दर मला मिळेल का? तो फक्त नव्या ग्राहकांसाठी आहे, सर. सिस्टीममध्ये तुमच्यासाठी एकही ऑफर नाही, सर. शेवटी मी म्हटलं, मग कनेक्शन बंद करा.

त्या एका वाक्यानंतर बासरीसुद्धा वाजली नाही. थेट दुसऱ्या विभागात फोन गेला. तिथल्या बाईंनी नाव विचारलं, 'इतकी वर्षं आमच्यासोबत आहात' म्हणून आभार मानले, 'थांबा हं, सिस्टीममध्ये बघते' म्हणाल्या. की-बोर्डची टकटक मला ऐकू येत होती. चार मिनिटांत उत्तर : बारा महिन्यांसाठी ३० टक्के सवलत, खेळांचा गठ्ठा हवा तर ठेवा, नको तर काढा. काही मिनिटांपूर्वी ज्या सिस्टीममध्ये काही नव्हतं, त्याच सिस्टीममध्ये! त्या बाईंबद्दल माझी काहीही तक्रार नाही, त्या नम्रपणे बोलल्या. माझी तक्रार ज्याने ही व्यवस्था आखली त्याच्याबद्दल आहे. जो गुपचूप पैसे भरतो त्याला पूर्ण दर, आणि जो निघून जाण्याची धमकी देतो त्याला सवलत. मला धमकी द्यायची नव्हती. मी भाव विचारायला आलो होतो.

तरीही मी हो म्हटलं. करार वगैरे काही वाढणार नाही ना, असं मी दोनदा विचारलं, त्या 'नाही' म्हणाल्या. लेखी काही मिळेल का, तर एसएमएस येईल. एसएमएस आला : 'अभिनंदन! आपल्या योजनेचे यशस्वीरीत्या नूतनीकरण झाले आहे.' किती दराने, किती काळासाठी, कशाबद्दल अभिनंदन, काही नाही.

पुढचं बिल १८७. त्यापुढचंही १८७. सवलत धरून ते १३१ यायला हवं होतं. पुन्हा फोन, पुन्हा बासरी. या वेळी कळलं की ती ऑफर 'कालबाह्य' झाली आहे, मात्र तिच्यासोबत नोंदवलेला २४ महिन्यांचा लॉक-इन कायम आहे. सवलत गेली, साखळी राहिली. आता बंद केलंत तर उरलेल्या २२ महिन्यांचं शुल्क भरावं लागेल म्हणे. या करारावर माझी सही नाही, मला प्रत मिळालेली नाही, आणि फोनवर मी नेमकं याच्या उलट विचारलं होतं. तुमचे फोन 'गुणवत्तेसाठी रेकॉर्ड' होतात असं सुरुवातीलाच ऐकवलं जातं. मग ते रेकॉर्डिंग काढा आणि ऐका. मी तारीख आणि वेळ सोबतच्या कागदावर लिहून दिली आहे.

त्याच संध्याकाळी आम्ही घरी ठरवलं की पुरे झालं. टीव्ही जुना, त्यात ॲप नाहीत, म्हणून मागच्या एचडीएमआय खाचेत बसणारी एक छोटी स्टिक आणली. इंटरनेट घरात होतंच. एचडी चित्राला साधारण ५ एमबीपीएस वेग पुरतो, आमचा त्याच्या कितीतरी पट आहे. एचडीत तासाला ३ जीबीच्या आसपास डेटा जातो, तेवढा आमच्या प्लॅनमध्ये बसतो हे मात्र आधी तपासून घेतलं. आता इंटरनेटवरून कार्यक्रम दाखवणाऱ्या, म्हणजे स्ट्रीमिंगच्या, एका वेळी दोनच सेवा घेतो. एक कायमची, एक फिरती : मालिका संपली की ती बंद, दुसरी सुरू. वरच्याच मापाने दोन्ही मिळून ५४ पडतात.

खरी धास्ती वडिलांची होती. इतकी वर्षं आम्ही तुमच्याकडे टिकलो ते त्यांच्यासाठीच. त्यांना चॅनेल नावाने माहीत नाहीत, आकड्याने माहीत आहेत. बातम्या म्हणजे त्यांच्यासाठी तीन आकडे, अंधारातही बरोबर दाबणार. पहिला आठवडा जड गेला. 'हे गोल गोल काय फिरतंय, चालू कर ना' असं दिवसातून दहा वेळा. त्यांच्या बातम्यांचा चॅनेल स्वतःच्या ॲपवर फुकट दिसतो हे लक्षात आल्यावर तो चौकोन पडद्यावर सर्वांत पुढे आणून ठेवला. आता स्टिक सुरू केली की एकच बटण. खेळाचं थेट प्रक्षेपण मात्र काही सेकंद मागे असतं, ही गोष्ट खरी. शेजारच्या घरात आरडाओरडा झाला की आमच्याकडे आता काहीतरी होणार हे कळतं. त्या सेकंदांसाठी महिन्याला १८७ भरायची माझी तयारी नाही.

स्ट्रीमिंगवाले साधुसंत आहेत असा माझा भ्रम नाही. नेटफ्लिक्सनेच २०२२मध्ये जाहिरातींचा प्लॅन आणला आणि २०२३मध्ये घराबाहेर पासवर्ड वाटण्याला चाप लावला. उद्या तेही दर वाढवतील. पण नको असलेली सेवा रद्द करायला मला फोनवर दोन टिचक्या लागल्या, आणि शेवटच्या तारखेपर्यंत ती चालूही राहिली. बासरी नाही, कॉम्बो नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं. कनेक्शन बंद करण्याचा अर्ज सोबत आहे, तो मिळाल्याच्या तारखेपासून बंद धरा आणि २२ महिन्यांच्या शुल्काची मागणी लेखी मागे घ्या. दोन बिलांत कबूल करूनही न दिलेले प्रत्येकी ५६, म्हणजे ११२, परत करा. पडून असलेल्या बॉक्सच्या २४ महिन्यांच्या भाड्याचे २६४ वेगळे. तो परत न्या म्हणून मी सांगितल्याचे दोन्ही तक्रार क्रमांक कागदावर आहेत. एकूण ३७६. बँकेतून परस्पर कपात मी आजच थांबवली आहे, त्याला 'थकबाकी' असं नाव देऊ नका. आणि कृपा करून 'परत या' म्हणून ५० टक्क्यांच्या सवलतीचे फोन करू नका. तो दर तुमच्याकडे होता, तर सात वर्षांत एकदा तरी बिलावर दिसायला हवा होता.

या पत्राचं उत्तर ३० दिवसांत लेखी मिळावं. न मिळाल्यास ग्राहक तक्रारींसाठी जी यंत्रणा आहे तिच्याकडे हेच कागद घेऊन जाईन. फाइल तयार आहे.

दोन्ही बॉक्स, दोन्ही अडॅप्टर आणि दोन्ही रिमोट एका पिशवीत घालून दाराजवळ ठेवले आहेत. जो माणूस न्यायला येईल त्याच्याजवळ बॉक्सवरचे अनुक्रमांक लिहिलेली पावती असावी. पावतीशिवाय पिशवी मिळणार नाही. रिमोटमधले सेल आमचे होते, ते काढून घेतले आहेत.

आपला,
आजपर्यंतचा एक ग्राहक

सोबत : बिलांच्या प्रती, बंद करण्याचा अर्ज, फोनच्या तारखा व तक्रार क्रमांक, एसएमएसची छापील प्रत.